मतदार यादीतली दिव्यांग नोंद तपासा

सभासदहो, नमस्कार. मतदार यादीत दिव्यांग अशी नोंद नसेल, तर नमुना 8 (यादीतली नोंद बदलण्याचा अर्ज) आताच भरा. निवडणूक आयोगाच्या सक्षम ॲपवरूनही भरता येतो. व्हीलचेअरची मागणीही तिथेच नोंदवता येते. लोकसभा-विधानसभेला घरून मतदान हवे असल्यास किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते आणि नमुना 12-ड (घरून मतदानाचा अर्ज) निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर पाच दिवसांत द्यावा लागतो. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. केंद्रावर जाणे जमत असेल, तर जावेच, असे माझे मत.

अंध सभासदांनो, मतदान यंत्रावर ब्रेल क्रमांक असतात, ते वापरा. सोबती न्यायचा तर तो किमान 18 वर्षांचा हवा. त्या दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. एका कार्यकर्त्याने चौघांना नेणे चालणार नाही. शंका असल्यास 1950 या मतदार हेल्पलाइनवर फोन करा.