शून्यापासूनच्या वर्गात शून्यावर दोघंच

मा. संपादक यांस,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘शून्यापासून जर्मन’ हा अर्ध्या पानाचा लेख वाचला. दोनदा वाचला, पहिल्यांदा वाटलं चष्म्याचा नंबर वाढलाय. विद्यापीठातल्या प्रारंभिक वर्गाला कसलीही पूर्वतयारी लागत नाही, मराठी माध्यमाच्या मुलांनी बिनधास्त यावं, असं आपले लेखक महाशय लिहितात. ते स्वतः अशा वर्गात शेवटचे कधी बसले होते, हे कळलं तर बरं होईल. मी सध्या बसतोय. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. वर्गातली मुलं पेपर वाचत नसली तरी मॅडम वाचतात.

एकसष्टाव्या वर्षी जर्मन कशाला, हे घरच्यांनी विचारून झालंय, आपण विचारू नये. तरी सांगतो. भोसरीत टूलरूममध्ये ३२ वर्षं काढली, त्यातली निम्मी एका जर्मन ग्राइंडिंग मशिनवर. त्या मशिनला एक मोठं लाल बटण होतं आणि त्याच्याखाली लिहिलेलं असायचं ‘नोट-आउस’. अक्षरं इंग्रजीसारखीच, त्यामुळे आम्ही सगळे ते ‘नॉट आऊट’ असं वाचायचो. नवीन पोरगं लागलं की त्याला पहिला धडा हाच, ‘काही झालं तर आधी नॉट आऊट दाब.’ नोट म्हणजे आणीबाणी आणि आउस म्हणजे बंद, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. मशिनचं मॅन्युअल साहेबांच्या कपाटात कुलपात. बिघाड झाला की बाहेरून माणूस यायचा, मॅन्युअल उघडायचा, दोन पानं उलटायचा आणि आमचा महिन्याचा ओव्हरटाइम होईल एवढं बिल लावून जायचा. ती दोन पानं एकदा आपल्याला वाचता यावीत, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा आहे. जर्मनीला जायचं नाही. मला थंडी सोसत नाही. (थंडीचा विषय पुढे येणार आहे.)

तर पहिला दिवस. चाळीसेक मुलं. मॅडमनी इंग्रजीत विचारलं, कुणाला आधीपासून थोडंफार येतं का? तीसेक हात वर. ‘थोडंफार’ म्हणजे किती, तर कुणी आठवीपासून जर्मन केलेलं, कुणी अकरावी-बारावीत. मराठीत मार्क पडत नाहीत म्हणून जर्मन घ्यायचं, त्यात ९५ पाडायचे, आणि विद्यापीठात आलं की क्रेडिट भरायला तेच जर्मन पुन्हा पहिल्या इयत्तेपासून घ्यायचं. मुलांना मी नावं ठेवत नाही. सोडवलेलं गणित पुन्हा सोडवायला मिळत असेल तर कोण नको म्हणेल? पण प्रवेश अर्जावर ‘यापूर्वी ही भाषा शिकला आहात काय’ असा रकाना होता, तो मी स्वतः भरलाय. तो रकाना कुणी वाचत नसेल तर छापतात कशाला?

मॅडमही वाईट नाहीत. तासिका तत्त्वावर आहेत, तासाप्रमाणे पैसे मिळतात (तेही कधी मिळतात ते त्यांनाच ठाऊक), चार कॉलेजं करून आमच्याकडे पोचतात. समोरची तीस मुलं पटापट उत्तरं देतायत म्हटल्यावर कुणीही पुढेच जाणार. तिसऱ्या आठवड्यात धडा पाच. मी अजून नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्या आधी लागणाऱ्या डेर, डी, डास या त्रिकुटात अडकलेलो, त्यातला डास रोज संध्याकाळी सहा वाजता चावायचा.

हात वर न केलेल्यांतही खरोखरचे शून्यावर आम्ही दोघंच होतो. एक मी, आणि दुसरा इंदापूरकडचा एक मुलगा. आयटीआयचा फिटर, चाकणला कंपनीत काँट्रॅक्टवर, वय तेवीस. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १०,००० कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्याची बातमी त्याच्या मोबाइलमध्ये अजून होती. आपल्याच पेपरची. पहिली पाळी करून धावत यायचा, हाताला ग्रीसचा वास. तो वास मला ओळखीचा, म्हणून मी त्याच्या शेजारी बसायला लागलो.

एकदा मला कानात विचारतो, ‘काका, हे ॲक्युझेटिव्ह म्हणजे काय ओ?’

म्हटलं, ‘द्वितीया.’

‘आणि डेटिव्ह?’

‘चतुर्थी.’

‘मग तसं सांगायचं ना! मला वाटलं काहीतरी नवीनच आहे.’

संपादक महाशय, या पोराला सहावी-सातवीत ‘स, ला, ते’ पाठ करायला लावलेलं होतं. जर्मनला विभक्त्या चारच. लिंगं तीन, आपल्याइतकीच. वर्गात मात्र हे सगळं इंग्रजीतून समजावलं जातं, आणि इंग्रजीत नामाला ना धड लिंग, ना धड विभक्ती. मुलगी म्हणजे ‘मेड्शेन’ आणि ती नपुंसकलिंगी, यावर वर्गात पाच मिनिटं हशा. मॅडम म्हणाल्या, याला काही लॉजिक नाही, पाठ करा. माझी बायको कुडाळची. तिच्या माहेरी मुलीला चेडू म्हणतात, आणि ‘ता चेडू खंय गेला?’ असं विचारतात. नपुंसकलिंगी. घाटावर आम्हीही ‘ते पोरगं’ म्हणतोच की. घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, मग जर्मन मालवणीच बोलतात.

आता थंडी. मला थंडी वाजतेय हे जर्मनमध्ये लिहायचं होतं. वर्गाचा नियम असा की आधी इंग्रजीत वाक्य मनात आणा. मी आणलं, आणि ‘इश बिन काल्ट’ असं लिहिलं. मागच्या बाकावर खसखस पिकली. याचा अर्थ म्हणे मी कोरडा, भावनाशून्य माणूस आहे असा होतो. बरोबर वाक्य ‘मीअर इस्ट काल्ट’. मीअर म्हणजे मला! मला थंडी आहे. मला आवडतं, मला मळमळतं, सगळं तिथेही ‘मला’नेच. म्हणजे मी सरळ मराठीत विचार केला असता तर बरोबर आलं असतं, आणि नियम पाळला म्हणून हसं झालं. हे मी मॅडमना वर्गानंतर म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘इंटरेस्टिंग आहे काका, पण वर्गात सगळ्यांनाच मराठी येत नाही ना.’ तीन मुलं परप्रांतीय आहेत, खरं आहे. इंग्रजी न येणारेही होते. आम्ही दोघंच होतो, ते सोडा.

आणि आकडे. हे मात्र मी सविस्तर सांगणार.

मॅडम आकडे बोलणार आणि आपण ते अंकात लिहायचे, असा तास होता. मॅडम म्हणाल्या, ‘झीबेनउंडफिर्त्सिश’. नव्वद टक्केवाल्या निम्म्या वर्गाने लिहिलं ७४. कारण जर्मन माणूस आधी सात म्हणतो, मग ‘आणि चाळीस’ म्हणतो. मुलं ऐकतात तसं डावीकडून लिहीत जातात, मग खोडतात. मी शेजारी पाहिलं, तर इंदापूरकर ४७ लिहून पेन खाली ठेवून बसलेला. पुढचा आकडा, पुन्हा बरोबर. दहापैकी दहा. मॅडमनी विचारलं, हाऊ? तो उभा राहिला, जरा गोंधळला आणि म्हणाला, ‘मॅडम, सत्तेचाळीस.’

सत्ते-चाळीस. सात आधी, चाळीस नंतर. त्याला काही उलटं करावंच लागलं नव्हतं. (आपलं एकोणपन्नास तेवढं वाकडं आहे, जर्मन सरळ नऊ-आणि-चाळीस म्हणतात.) वर्गातल्या बाकीच्या मुलांची अडचण जर्मनमध्ये नव्हतीच. त्यांना सत्तेचाळीस म्हणजे किती हेच सांगता येत नाही, ‘काका, म्हणजे फॉर्टी सेव्हन का?’ असं मला विचारणारी मुलं आहेत ती. नावं देशपांडे, जाधव, कुलकर्णी, शिंदे.

जाता जाता, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ आणलं, तेव्हा मी आपल्याला पत्र पाठवलं होतं. आपण छापलं नाहीत. त्या आठवड्यात आपल्याकडे नाटकाच्या तिकिटांवर तीन पत्रं छापून आली होती, कात्रण आहे माझ्याकडे. असो.

पुढचं सांगायला नको, पण लेखक महाशयांसाठी सांगतो. दिवाळीच्या आधी अंतर्गत परीक्षा झाली. तीस मार्कांची. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना सगळ्या इंग्रजीत. एका प्रश्नात अधोरेखित नामसमूहाच्या जागी योग्य सर्वनाम वापरून वाक्य पुन्हा लिहायचं होतं. हे मी आपल्याला मराठीत सांगतोय, पेपरात ते दोन ओळी लांब इंग्रजीत होतं. पोराला ‘एर’ (तो) आणि ‘ईन’ (त्याला) दोन्ही येत होती, आदल्या दिवशी बसस्टॉपवर मीच घोकून घेतली होती. त्याला प्रश्नच कळला नाही. हात वर करून विचारावं, तर सुपरव्हायझर म्हणाले, सूचना समजून घेणं हा परीक्षेचाच भाग आहे. आठ मार्कांचा तो प्रश्न कोरा. एकूण ११ पडले. जर्मनच्या परीक्षेत इंग्रजीत नापास झालेला विद्यार्थी मी पहिल्यांदा पाहिला. दिवाळीनंतर तो आला नाही. फोन केला तर म्हणाला, ‘काका, दुसरी पाळी लागली.’ लागली असेलही. त्याचं पुस्तक माझ्याकडे आहे, धडा चारपर्यंत पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिलेलं.

त्याला परिचारक म्हणून जायचं नव्हतं, फिटर म्हणून जायचं होतं. पण तिकडे कामाला जायचं तर बहुतेकांना भाषेच्या परीक्षांच्या ए-वन, ए-टू, बी-वन या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि रुग्णालयात तर साधारण बी-टूपर्यंत. आपण ज्या १०,००० जणांबद्दल रकाने भरभरून लिहिता, ते पहिल्या पायरीवर कुठल्या भाषेतून चढणार आहेत, हे एकदा कुणाला तरी विचारा. निदान ज्यांना आधी येतं त्यांना वेगळ्या वर्गात बसवा, आणि सूचना दोन भाषांत छापा. यात परराष्ट्र खात्याची परवानगी लागत नसावी.

लेखासोबत आपण संस्कृतचे जर्मन पंडित माक्स म्युलर यांचं चित्र छापलंत. चांगलं केलंत. भारतात कधीही पाऊल न ठेवलेला हा माणूस लाइप्झिशच्या विद्यापीठात संस्कृतच्या वर्गात बसला तेव्हा तोही शून्यावरच होता. हाताशी ग्रीक आणि लॅटिन होतं. ते चपलांसारखं दाराबाहेर काढून ये, असं त्याला कुणी म्हटलं नसावं.

नाव छापू नये. शुक्रवारी माझी तोंडी परीक्षा आहे.

आपला,
एक निवृत्त टूलरूमवाला, चिंचवड

ता.क. लेखात तीन ठिकाणी ‘म्युनिच’ छापलंय. इंग्रज त्याला म्युनिक म्हणतात, जर्मन म्युन्शेन म्हणतात. म्युनिच नावाचं गाव मला नकाशात सापडलं नाही.