पासिंगला नापास झालेली गाडी गॅरेजपर्यंत न्यायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टॅक्सी, टेम्पो किंवा स्कूल बस पासिंगला, म्हणजे फिटनेसच्या तपासणीला, नापास झाली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "जुन्या फिटनेसची तारीख अजून बाकी आहे, तोवर चालवली तर चालेल ना?" कुणी बिनधास्त 'चालेल' म्हणतं, कुणी 'गाडी जागची हलवू नका' म्हणतं. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत आणि या गोंधळात मालकांचं नुकसान होतं, रस्त्यावरच्या इतरांचा जीवही धोक्यात येतो. म्हणून हे पत्र.

मोटार वाहन कायदा, १९८८ इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहतो : गाडीचे कागद आणि गाडीची अवस्था. कागदांचा भाग कलम ५६ मध्ये आहे. प्रवासी किंवा माल वाहतुकीच्या वाहनाकडे मुदतीतलं योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे आपला फिटनेस, नसेल तर त्याची नोंदणीच वैध धरली जात नाही. आरसी खिशात असली तरी गाडी विनानोंदणीची ठरते. अशी गाडी रस्त्यावर आणल्यास कलम १९२ खाली पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आजारी वा जखमी माणसाला तातडीनं नेण्यासाठी सूट आहे, पण तीही सात दिवसांत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवलं तरच. गाडी दुरुस्तीला नेण्यासाठी या कलमात सूट नाही.

याचा अर्थ, जुन्या प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असेल आणि अधिकाऱ्यानं ते रद्द केलं नसेल, तर कागदांपुरती गाडी बेकायदा नाही. रद्द करायचं झाल्यास अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि रद्द झाल्याबरोबर नोंदणी व परमिट दोन्ही निलंबित समजले जातात.

बहुतेक जण इथेच थांबतात. पुढे आहे कलम १९०. इतरांना धोका होईल असा दोष असलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवणारा आणि चालवू देणारा, दोघंही त्यात येतात. अट एवढीच की तो दोष त्यांना माहीत असावा किंवा साध्या काळजीनं कळण्यासारखा असावा. एरवी 'ब्रेक कमजोर आहेत हे मला ठाऊक नव्हतं' असं म्हणायला जागा असते. नापास झाल्याचा अहवाल हातात पडला की ती जागा संपते. दोष, आकडा आणि तारीख सगळं त्यात छापलेलं असतं. दंड १,५०० रुपयांपर्यंत, पण त्याच दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. फिटनेसला चार महिने बाकी असले तरी हे कलम लागू होतं.

विम्याचा फटका याहून मोठा. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीला अपघात झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली नरिंदर सिंग खटल्यात म्हटलं की हा नुसता गुन्हा नाही, विमा कराराचा मूलभूत भंग आहे; भरपाई मिळाली नाही. परमिट नसलेल्या गाडीबाबत २०१८ साली त्याच न्यायालयानं विमा कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत हे तत्त्व मान्य केलं. फिटनेस संपलेली गाडी वापरणाऱ्यानं या दोन्ही शक्यता गृहीत धरायला हव्यात. अशी वसुली लागली तर एका टेम्पोचा मालक आयुष्यभर सावरत नाही.

आता मुख्य अडचण. स्वयंचलित तपासणी केंद्रांसाठी २०२१ साली जे नियम आले, त्यांनुसार केंद्र चालवणाऱ्याला दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांचा व्यवसाय करता येत नाही. हा नियम अगदी योग्य आहे. नापास करणाऱ्याच्याच हाती दुरुस्तीचं बिल असू नये. पण त्यामुळे नापास गाडी केंद्राच्या फाटकातून बाहेर पडून गॅरेजपर्यंत जाणार हे ठरलेलंच. फिटनेस संपल्यावर पासिंगला आणलेल्या गाडीला हा रस्ता चाकांवर कापता येत नाही, ती टो करावी लागते. म्हणून मुदत संपायच्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी तपासणीची वेळ घ्यावी. नव्या गाडीचा पहिला फिटनेस दोन वर्षांचा, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, हा हिशेब डायरीत लिहून ठेवला तर ते अवघड नाही.

मुदत शिल्लक असतानाही कोणता दोष घेऊन गाडी चालवत गॅरेजला न्यावी आणि कोणता घेऊन नेऊ नये, हे मात्र दोषावर ठरतं. मागची चमकणारी (रिफ्लेक्टिव्ह) टेप निघालेली, नंबर प्लेटचा दिवा बंद, स्पीडोमीटर चुकीचा, असं असेल तर दिवसाउजेडी सावकाश नेता येईल. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर या तिघांपैकी काही असेल तर टोच करावी, अंतर कितीही कमी असो.

ब्रेकचा निकाल नीट वाचायला हवा. रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेकचा जोर वेगळा मोजतात. डावं चाक २०० किलो आणि उजवं १३० किलो दाखवत असेल तर फरक ७०, म्हणजे मोठ्या आकड्याच्या ३५ टक्के. एकूण जोर पुरेसा असला तरी अशी गाडी जोरात ब्रेक दाबल्यावर डावीकडे ओढते. ओल्या रस्त्यावर तर आडवीच होते. कमी ओढणाऱ्या चाकात बहुधा व्हील सिलिंडर गळून लायनरवर (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरावर) तेल आलेलं असतं, ड्रम अंडाकृती झिजलेला असतो किंवा डिस्क असेल तर कॅलिपरची पिन जाम असते. पैसे वाचवायला एकाच चाकाचे लायनर बदलणं ही सर्रास होणारी चूक; त्यानं फरक उलट्या बाजूला जातो. लायनर एकाच ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत आणि गळती आधी थांबवावी, नाहीतर नवेही आठवड्यात तेलकट होतात. नवे लायनर बसवून थेट रोलरवर नेलं तर आकडा पुन्हा कमी येतो, कारण त्यांचा पूर्ण पृष्ठभाग अजून ड्रमला टेकलेला नसतो. हलके ब्रेक मारत काही अंतर फिरवून ते बसू द्यावे लागतात. त्यासाठीही फिटनेसचे दिवस शिल्लक हवेत.

टायरची नक्षी चारचाकीला १.६ मिलिमीटरहून कमी चालत नाही. टायरच्या कडेवर बारीक त्रिकोण असतो, त्याच्या समोरच्या खाचेत उंचवटा असतो. नक्षी त्याच्याशी समतल झाली की टायर संपला. आतली कड मात्र वाकून पाहावी, चाकांचं अलाइनमेंट बिघडलं की तीच आधी गुळगुळीत होते. हेडलाइटमध्ये हल्ली नापास होण्याचं कारण बाजारातले एलईडी बल्ब. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्यांचा प्रकाश फिलामेंटच्या जागी पडत नाही, फाकतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो. मूळ बल्ब लावला की बहुतेक वेळा काम होतं. धुराच्या चाचणीला इंजिन थंड असताना जाऊ नये. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही.

दुरुस्तीनंतर शुल्क भरून पुन्हा तपासणी घेता येते. तिला घाईनं उभं राहू नये. त्या फेरतपासणीतही नापास झालेली गाडी आयुर्मान संपलेली ठरू शकते आणि मग तिची वाट भंगारकडे जाते. निकाल चुकीचा वाटला तर अपिलाची सोय आहे; कलम ५७ खाली नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील होतं. अपिलासाठी कागद लागतो, म्हणून 'नापास' एवढा तोंडी निकाल ऐकून परत येऊ नये. फिटनेस नाकारताना कारणं लेखी देणं कलम ५६ नं बंधनकारक केलं आहे. ती मागून घ्यावीत.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. या पंधरा वर्षांत पीयूसी सोडली तर कुणी गाडी तपासत नाही. कलम १९० मात्र पहिल्या दिवसापासून लागू असतं, हे खासगी गाडीवाल्यांच्या ध्यानीमनी नसतं.

ब्रिटनमध्ये २० मे २०१८ पासून तपासणीतले दोष 'धोकादायक', 'मोठा' आणि 'किरकोळ' असे लिहून देतात. धोकादायक दोष असेल तर गाडी चालवायची नाही, हे चालकाला त्याच कागदावर कळतं. तिथे प्रमाणपत्र संपलेलं असलं तरी दुरुस्तीच्या ठिकाणी गाडी नेण्याची मुभा आहे, अर्थात ती धोकादायक नसेल तरच. आपल्या परिवहन विभागानं केंद्र सरकारकडे एवढ्या दोन गोष्टींचा आग्रह धरावा : नापास अहवालात प्रत्येक दोषापुढे 'चालवत नेता येईल' किंवा 'टो करावी' असा शेरा छापावा, आणि फिटनेस संपलेल्या पण पहिल्या प्रकारच्या गाडीला, तपासणी केंद्र ते गॅरेज असा मार्ग आणि तारीख लिहून, एका फेरीची लेखी परवानगी तिथल्या तिथे द्यावी. संगणकावर निकाल तयार होतोच आहे. त्यात एक रकाना वाढवायचा आहे.

— एक निवृत्त मोटार वाहन निरीक्षक