ताई, त्या कांदाभजीबद्दल आभार

प्रिय ताई,

नाव लिहिलं तर तुम्हीच रागवाल, म्हणून नुसतं ताई.

गेल्या श्रावणातला तो दिवस आठवतोय ना? केटरिंगवाल्यांसाठी मी पायथनमध्ये ऑर्डरींचा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक ऑर्डर पहिल्यापासून भरायला नको, म्हणून 'जुन्यावरून नवी' असं बटण दिलं होतं. त्यांनी सत्यनारायणाच्या ऑर्डरीवरून बारशाची केली, तिच्यात कांदाभजी घातली, आणि पूजेच्या बिनकांदालसणाच्या पानातही कांदाभजी येऊन बसली! आचाऱ्यांनी यादी वाचून वेळेत फोन केला म्हणून बरं.

मी दोन तास सेव्ह करायच्या कोडमध्ये चूक शोधत होते. कॉपी तर केली होती की! तुम्ही खुर्ची ओढलीत आणि मला दोन्ही ऑर्डरींचा आयडी, म्हणजे पायथन प्रत्येक वस्तूला देतं तो ओळखीचा आकडा, छापायला लावलात. आकडे वेगळे. मग दोन्हींच्या मेनूचा. शेवटच्या अंकापर्यंत एकच आकडा. "बिऱ्हाडं दोन केलीस, चूल एकच ठेवलीस," तुम्ही म्हणालात. शॅलो कॉपी, म्हणजे वरची वस्तू नवी पण आतल्या वस्तू जुन्याच, मला तेव्हा कळली. परीक्षेत तिची व्याख्या लिहून मार्क घेतले होते, तो भाग वेगळा.

मी लगेच कॉपीच्या जागी डीपकॉपी, म्हणजे आतलंही सगळं नव्याने उतरवणारी कॉपी, लिहून मोकळी झाले. दुसरं कुणी असतं तर तिथेच उठून गेलं असतं. तुम्ही विचारलंत, "आणि ग्राहक?" ऑर्डरीत ग्राहकाचं ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममधली त्याची वस्तू, ग्राहकाकडे त्याच्या सगळ्या ऑर्डरींची लिस्ट. डीपकॉपी अशा चक्रात अडकत नाही, कशाकशाची प्रत काढून झाली याची नोंद ती ठेवते. पण एका ऑर्डरीपायी तिने तो ग्राहक आणि त्याच्या झाडून सगळ्या जुन्या ऑर्डरी पुन्हा उतरवल्या होत्या. माणूस एक, आमच्याकडे दोन. एकाचा फोन नंबर बदलला तरी दुसऱ्याचा जुनाच.

शेवटी ऑर्डरीच्या क्लासमध्ये, म्हणजे तिच्या साच्यात, प्रत काढायची आपलीच मेथड, म्हणजे कृती, लिहिली. ग्राहक आहे तोच, तारीख रिकामी, मेनू नवा. तिथेही मी नुसती नवी लिस्ट करून जुने पदार्थ तिच्यात भरणार होते. "अगं, 'मसालेभात, 50 ताटं' हाही ऑब्जेक्टच आहे, ताटं बदलली की पुन्हा तेच," म्हणत तुम्ही पदार्थसुद्धा एकेक करून नवे करायला लावलेत. जाता जाता जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेचा किस्सा सांगितलात: 'प्रत काढता येते' अशा अर्थाचा क्लोनेबल नावाचा इंटरफेस, म्हणजे मेथडींची यादी, आणि त्यात प्रत काढणारी क्लोन ही मेथडच नाही! ते सांगताना तुम्हालाच हसू आवरेना.

तुमचं स्वतःचं काम त्या दिवशी रात्री आठपर्यंत लांबलं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार.

रविवारी घरी या. भजी कांद्याचीच करणार आहे.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची