दोन एकर दहा गुंठे, म्हणजे २ ऑक्टोबर

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "तू दिवसभर लिहितेस तरी काय?" मी 'मॅन्युअल' म्हणून विषय उडवला. मागून आई म्हणाली, "मशीनला पत्रं लिहिते म्हणे." आई, तुझंच बरोबर आहे. फोनवर सांगायला गेले की रेंज जाते, म्हणून बसून लिहिते.

दिवाळीत सोप्यात बसून आपण जमिनीचा हिशेब एक्सेलात घातला, आठवतं? तुम्ही उतारे वाचत होतात, मी टाइप करत होते. सर्वे नंबर १२/३ घातला तर चौकटीत १२ मार्च उमटलं. क्षेत्र २-१० घातलं तर २ ऑक्टोबर. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "गांधीजयंती आमच्या मळ्यात कुठनं आली?" एक्सेल तारीख आतमध्ये १९०० पासून मोजलेल्या दिवसांच्या आकड्यात ठेवतं. त्यामुळे साधा आकडा मागितला तेव्हा तो एकच तुकडा ४५ हजार एकरांच्या वर गेला. आई लगेच, "मग विहिरीचं काम काढा आता."

हे आपल्याच नशिबी नाही हो. 'मार्च१' नावाचा एक जीन, म्हणजे जनुक, आहे, त्याचीही अशीच तारीख व्हायची. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी अशा जीनांची नावंच बदलली. एक्सेलपुढे हात टेकले म्हणायचं.

मग आपण आडव्या रेघेऐवजी टिंब दिलं. २.१० आणि १.३५ ची बेरीज त्यानं ३.४५ सांगितली. तुम्ही स्क्रीनकडे न बघताच म्हणालात, "चार एकर पाच." चाळीस गुंठ्यांचा एकर, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगणं हेच माझं काम. एआय एजंट म्हणजे सांगितलेलं काम आपल्या आपण पायरीपायरीनं करणारा प्रोग्राम. त्याच्या हाताशी छोटी छोटी टूल्स असतात: एक शीट वाचतं, एक चौकटीत लिहितं, एक रांगा गाळतं. कुठलं कधी उचलायचं ते तो टूलचं नाव आणि त्याखालची माहिती वाचून ठरवतो. ती माहिती मी लिहिते. माणसासाठी लिहिलेलं अर्धवट असलं तरी चालून जातं. माणूस स्क्रीन बघतो, शंका आली तर शेजारच्याला विचारतो. हा बहुतेक वेळा विचारत नाही, करून मोकळा होतो.

पहिल्या महिन्यात मी एका टूलखाली एवढंच लिहिलं होतं: 'शीटमधला मजकूर वाचतं.' एजंटनं त्या टूलनं एका सहकाऱ्याची खर्चाची फाइल उघडली, त्याच नावानं सेव्ह केली, आणि सगळी सूत्रं गेली. राहिले नुसते आकडे. आकडे बरोबर होते, म्हणून चार दिवस कुणाला पत्ता नाही. पाचव्या दिवशी त्या सहकाऱ्यानं एक दर बदलला आणि बेरीज जागची हलेना. शिव्या मला बसल्या, आणि बसायलाच हव्या होत्या. आता तिथं लिहिलंय: 'फक्त उत्तरं वाचायची असतील तरच वापर. असं उघडलेलं सेव्ह करू नकोस, सूत्रं पुसली जातात.' त्याच्या शेजारच्या टूलखाली: 'सूत्र लिहितं, पण गणित करत नाही. उत्तर हवं असेल तर आधी लिब्रेऑफिसकडून फाइल पुन्हा मोजून घे.' लिब्रेऑफिस म्हणजे एक्सेलसारखाच दुसरा प्रोग्राम.

लांबणही लावता येत नाही. ही सगळी माहिती प्रत्येक कामाला त्याच्यापुढे नव्यानं ठेवली जाते, आणि पाल्हाळात नेमकी महत्त्वाची ओळ बुडते. काही चुकलं की त्याला जो निरोप दिसतो, तोसुद्धा मीच लिहिते. नुसतं 'चूक झाली' म्हटलं तर तो तेच पुन्हा करून बघतो. 'मळा नावाचं पान नाही; आहेत ती पानं: शेत, घर' असं म्हटलं की सुधारतो.

बाबा, तुम्ही कन्नड उताऱ्यावर शिसपेन्सिलीनं मराठीत खुणा करता ना? 'हा कॉलम बघू नये, जुना', 'इथं आजोबांचं नाव चुकीचं, तक्रार दिली आहे'. परवा एका टूलची माहिती लिहिताना मी अडले, तेव्हा मला तोच कागद आठवला. मग काय करतं ते दोन ओळींत उरकलं आणि काय करू नये ते पाच ओळी लिहिलं.

आपली फाइल मी दुरुस्त करते आहे. एकराचा कॉलम वेगळा, गुंठ्याचा वेगळा, सर्वे नंबराचा कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून ठेवलाय. फक्त एक अडलंय. १२/३ मध्ये सहा गुंठे खराब, म्हणजे लागवडीला न येणारे, लिहिलेत, ते दोन एकर दहामध्ये धरलेत की वेगळे? उताऱ्याचा फोटो पाठवा, पेन्सिलीच्या खुणा दिसतील असा. आणि मी येईपर्यंत दादाला त्या फाइलीला हात लावू देऊ नका.

आई, कुंद्याचा डबा पाठवू नकोस, मागचा अजून आहे. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची,
ताई