टाकी हलवण्याआधी

रत्नागिरी, २० नोव्हेंबर

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "आई, मला माहितीये" म्हणून मधेच तोडतेस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. एकदा सगळं वाच, मग हवं तर फोन करून भांड.

न्यू जर्सीतलं एडिसनचं घर का सोडलंस, मॅसॅच्युसेट्समधलं फ्रेमिंगहॅमच का, याबद्दल मी काही बोलणार नाही. ठरवलंय तसं. फक्त टाकीबद्दल बोलणार आहे. सोफा, टीव्ही, जेवणाचं टेबल सगळं तिथेच सोडून तू ती माशांची टाकी तेवढी नेणार, हे ऐकून नंदूमावशी म्हणाली, मुलीचं डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हटलं, सोफा दुकानात मिळतो. पाच वर्षं वाढवलेलं प्रवाळ कुठल्या दुकानात मिळणार? तिला कळलं नाही, पण गप्प बसली.

मात्र तू जे म्हणालीस ना, "त्यात काय, एकटीच करेन", तिथे माझी झोप उडाली.

मी हिशेब मांडला. ७५ गॅलन म्हणजे २८४ लिटर. खारं पाणी जड, म्हणजे नुसत्या पाण्याचेच २९० किलो. ते उपसलंस तरी रिकामी काच साठ किलोच्या वर. ती एकट्या बाईने, किंवा एकट्या बुवानेही, उचलायची वस्तू नाही. आणि तळाला चार बोटं वाळू राहू दे, तशीच नेऊ, असला शहाणपणा करू नकोस. उचलताना वाळूच्या भाराने तळाचे सांधे ताणतात, सिलिकॉन सुटतं, आणि ते कळतं कधी, तर नव्या घरात टाकी काठोकाठ भरल्यावर.

वाळूचं आणखी एक. पाच वर्षांची वाळू आहे ती. खालच्या थरात प्राणवायू पोचत नाही, तिथे काळी पडलेली असणार. ती ढवळली की हायड्रोजन सल्फाइड. आमच्या प्रयोगशाळेतल्या किपच्या उपकरणाचा वास आठवतो का? मधल्या सुट्टीत डबा खायला यायचीस आणि नाक दाबून दारातच उभी राहायचीस. तोच वायू. शिवाय वाळूत साठलेला सगळा गाळ पाण्यात येतो आणि अमोनिया चढतो. जुनी वाळू टाक, नवी घे. अमोनिया पचवणारे तुझे जिवाणू पाण्यात नसतात आणि वाळूवर फार अडून नसतात, मुख्यतः दगडांत असतात. म्हणून दगड सुकू द्यायचे नाहीत, जुन्याच पाण्यात बुडवून न्यायचे. दगड वाळला की त्यावरचं सगळं मरतं, कुजतं, आणि पुन्हा अमोनियाच. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास, त्या सामूला मोकळ्या अमोनियाचा वाटा गोड्या पाण्यापेक्षा वाढतो आणि तोच विषारी. पहिला आठवडा रोज तपास. खायला कमी घाल.

हे तुला माहीत आहे. मला हे सगळं तूच शिकवलंस. मी आले होते त्या उन्हाळ्यात पहिल्या दिवशी मी काय विचारलं होतं आठवतं? "हे ठेवल्याबद्दल पोलीस नाही ना धरणार?" आपल्याकडे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. मालवणच्या सहलीत किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडासुद्धा मी मुलांना उचलू देत नसे. आणि तुझ्या घरात ते निळ्या दिव्याखाली डोलत होतं! मग तू दाखवलंस, बोटाच्या पेराएवढा तुकडा दुसऱ्याकडून आणायचा, चिकटवायचा, वाढवायचा, आणि वाढला की त्याचे तुकडे पुढच्याला द्यायचे. तुझ्या त्या हॅमर प्रवाळाचं एक डोकं होतं, त्याची किती झाली. मी इथे येऊन सगळ्यांना फोटो दाखवले. दळवी सरांना दोनदा दाखवले, ते कंटाळले.

रोज किती पाणी उडतं ते बघून तेवढं गोडं पाणी वरून घालायचं काम तू मला दिलं होतंस. मीठ उडत नाही, पाणी उडतं, म्हणून भर गोड्याचीच. आठवीचा धडा आहे. तरी एकदा एकाने खारं पाणी ओतलं होतं आणि क्षारता कुठच्या कुठे गेली होती. असो. मी बोलणार नव्हते.

मासे शेवटी पकड. दगड काढल्याशिवाय आणि पाणी वीतभर उरल्याशिवाय तो पिवळा टँग हाती लागणार नाही, उगाच जाळी घेऊन मागे लागलीस तर प्रवाळ मोडशील. आदल्या दिवशी त्यांना उपाशी ठेव. अॅनिमोनी, ते समुद्रफूल, दगडावरून ओढून काढू नकोस, पाय फाटला की संपलं, दगडासकट ने. आणि ट्रकच्या मागच्या भागात हीटर नसतो! नोव्हेंबर आहे. सगळे जीव तुझ्या गाडीत, कूलरमध्ये, बॅटरीवरचा हवेचा पंप लावून. आय-८४ महामार्गावर वॉटरबरीच्या आसपास गाड्या तुंबतात हे तूच सांगतेस. चार तासांचे सहा झाले, पाणी गार पडायला लागलं, तर तू गाडी चालवणार की मागे वळून थर्मामीटर बघणार? शेजारी कुणीतरी नको का?

तुझं लहानपणापासून हेच. भाट्याच्या किनाऱ्यावर शंखातला खेकडा सापडला होता, तो घरी न्यायचाच म्हणून भोकाड. स्टीलच्या डब्यात समुद्राचं पाणी घेतलं. एसटीत बाबा म्हणाले, दे, मी धरतो. "नाही, माझा आहे, मीच धरणार." हातखंब्याला एक मामा चढले, गाडीने गचका दिला, अर्धा डबा त्यांच्या पांढऱ्या धोतरावर. तरी डबा सोडला नाहीस. रात्री खेकडा हलेना म्हणून रडलीस, आणि सकाळी बाबा तुला आणि डब्याला स्कूटरवर घेऊन पुन्हा भाट्याला गेले. त्यांनी मला नंतर सांगितलं की पाण्यात सोडल्यावर तो चालायला लागला. खरं की खोटं, मी विचारलं नाही.

तू नोकरी बदललीस, एवढंच मी बाबांना सांगितलंय. गुडघ्याचं ऑपरेशन होऊ दे, मग बघू.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. मागच्या उजव्या दगडावर तुझे ते झोआ पसरलेत, प्रवाळांच्याच नात्यातले, हिरव्या-केशरी बटणांसारखे. दिसायला गोड. त्यांच्यात आणि त्यांच्या भावंडांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. १९७१ साली हवाईतल्या अशाच एका प्राण्यातून वेगळं केलेलं, १२९ कार्बनांचा रेणू, आणि त्यावर उतारा नाही. हातमोजे घाल, चष्मा घाल. दगड ब्रशने खरवडू नकोस, आणि उकळतं पाणी तर चुकूनही ओतू नकोस. वाफेबरोबर ते हवेत जातं. असं करून कुटुंबंच्या कुटुंबं दवाखान्यात गेली आहेत. कुटुंबं होती, म्हणून कुणीतरी कुणालातरी उचललं. तू रिकाम्या घरात, दार बंद, हातावर कापलेलं, आणि तोंड कडू व्हायला लागलं, धाप लागली, तर ९११ फिरवणार कोण?

झालं, पुन्हा तेच. माफ कर. तू पस्तिशीची आहेस, घर बघितलंस, करार केलास, ट्रक ठरवलास, आणि त्या सगळ्या महिन्यांत एकदाही फोनवर रडली नाहीस. मला याचा अभिमान वाटतो आणि रात्री याचीच भीतीही वाटते. एवढं एकटीने कशाला ओढायचं ग? ओढता येतं हे सगळ्यांना कळलंय.

तर सांगून टाकते. नंदूमावशीचा केतन वूस्टरला असतो, तुझ्या नव्या घरापासून अर्ध्या तासावर. मी त्याला फोन केलाय. तू नको म्हणशील म्हणून तुला विचारलं नाही. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो एडिसनला येईल, शनिवारी तुझ्याबरोबर निघेल आणि टाकी पुन्हा भरून पंप चालू होईपर्यंत थांबेल. त्याला माशांच्या वासाची शिसारी आहे, पण वजन उचलतो आणि गाडी नीट चालवतो. अमेयचं नावही काढायचं नाही असं बजावलंय. तो म्हणाला, "मावशी, मला फक्त जेवायला घालायला सांग." वरण-भात कर, बाकी काही नको.

रागव माझ्यावर. त्याला मात्र परत पाठवू नकोस.

तुझी,
आई

ता. क. पाणी उपसायच्या आधी हीटरचा प्लग काढ आणि दहा-पंधरा मिनिटं थांब. पाण्याबाहेर तापत राहिला तर त्याची काच तडकते. हे केतनवर सोडू नकोस, स्वतः कर.