भिंगाची ताकद वाढवून ‘हरण्या’ रोगाचा विषाणू दिसणार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या विज्ञान पानावर छापले आहे की भिंगाची ताकद वाढवून सूक्ष्मदर्शकाची २०० नॅनोमीटरची मर्यादा (याहून बारीक तपशील त्यात वेगळा दिसत नाही) मोडली आणि आता केळीवरच्या ‘हरण्या’ रोगाचा विषाणू शेतकऱ्याला बांधावरच दिसेल. दोन्ही चूक. दुसऱ्या चुकीत तर लोकांचे पैसे जातील.

मर्यादा प्रकाशाची आहे. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबे यांचा १८७३चा हिशेब साधा आहे: प्रकाशाच्या तरंगलांबीला न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्या मापाच्या) दुपटीने भागायचे. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर, उत्तम तैलभिंगाचे (तेलाच्या थेंबातून पाहणाऱ्या भिंगाचे) माप १.४, उत्तर १९६ नॅनोमीटर. हरण्याच्या विषाणूचा, म्हणजे सीएमव्हीचा (कुकुंबर मोझॅक व्हायरस), कण जेमतेम ३० नॅनोमीटरचा. त्या भिंगावर साधारण १४०० पटींपुढे चित्र नुसते फुगते, बारकावा वाढत नाही. ‘२००० पट’ लिहिलेले यंत्र घेऊन विषाणू दिसणार नाही तो नाहीच.

मर्यादा ओलांडली ती चमकणाऱ्या रंगरेणूंच्या जोरावर. म्हणूनच या शोधाला मिळालेले २०१४चे नोबेल रसायनशास्त्राचे. आपण भौतिकशास्त्राचे छापले. एका वेळी मोजकेच रेणू चमकवायचे, प्रत्येक ठिपक्याचा मध्य काढायचा आणि अशी हजारो छायाचित्रे एकत्र रचायची. चौपट फोटॉन (प्रकाशकण) मिळाले तर अचूकता दुप्पट. पण तेवढ्या वेळात यंत्र हलता कामा नये. १० सेंमीचा पोलादी भाग १ अंशाने तापला की सुमारे १२०० नॅनोमीटर वाढतो. जळगावच्या मे महिन्यात वीज जाऊन एसी बंद पडला की सगळी मोजणी वाया. काचेवर सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवून, ते किती सरकले त्यावरून प्रत्येक चित्र दुरुस्त करावे लागते. शिवाय पानातले हरितद्रव्य स्वतःच ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकते. लाल रंगरेणूंचा उजेड त्यात बुडून जातो. हे बांधावरचे काम नव्हे.

हे रंगरेणू आधी संगणकावर गणिताने तपासतात, त्याचा लेखात उल्लेखही नाही. त्या गणितात ऊर्जेची ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टची चूक सहज होते आणि ५५० नॅनोमीटरचा रेणू ४८५वर दिसतो, म्हणजे हिरव्याचा निळा. द्रावक (रेणू ज्या द्रवात विरघळतो तो) धरला नाही तर आणखी घोटाळा. गणिताने यादी लहान होते, निवड प्रयोगशाळेतच होते.

हरण्याची खात्री प्रयोगशाळेतल्या एलायझा किंवा पीसीआर चाचणीने होते. बाधित झाड मुळासकट उपटून नष्ट करायचे आणि रोग पसरवणारी मावा कीड आटोक्यात ठेवायची. मृगबागेची लागवड तोंडावर आहे. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत आणि याच आठवड्यात छापावी.

आपला,
एक वाचक, रावेर (जि. जळगाव)