ट्रेलर ओढताना ट्यूनर कितीवर ठेवायचा? आप्पांना पत्र

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया

ती. आप्पा आणि ती. आईस,
सुनीलचा साष्टांग नमस्कार.

पार्सल मिळालं. शेंगाची चटणी नीट आली, कडक भाकरीचे थोडे तुकडे झालेत, पण चव तीच आहे. आईला सांगा, मी दूध-भाकरी कुस्करून खातोय आणि तब्येत उत्तम आहे.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गाडीला ते काय मशीन बसवलंय म्हणतोस?" मागं पोरांचा गलका होता आणि बंडूनं मधेच त्याच्या पिकअपच्या रिमॅपचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घ्यायचं, काढलं, त्यामुळं धड बोलता आलं नाही. म्हणून आज बसून त्या मशीनबद्दल, म्हणजे ट्यूनरबद्दल, सविस्तर लिहितो. बंडूलाही वाचायला द्या, त्याच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

मालकाची गाडी २००६ सालची डॉज रॅम आहे. इंजिन कमिन्सचं, सहा सिलिंडर, ५.९ लिटर. हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढं तुमची टाटा १६१३ उभी राहिली असेल, आणि ते बरोबरच आहे. जमशेदपूरचं टाटा कमिन्सचं इंजिनही ५.९ लिटरचंच, याच घराण्यातलं. फरक असा की १६१३ मधले १३ म्हणजे १३० घोडे (हॉर्सपॉवर), आणि इथं तेवढ्याच इंजिनातून कंपनी ३२५ घोडे काढते. डिझेल फवारणाऱ्या नोझलवर कॉम्प्युटरचा ताबा, डिझेलचा दाब कितीतरी जास्त, इंजिनात जाणारी हवा गार करणारा मोठा इंटरकूलर, हे सगळं आहेच. पण खरं कारण वापरात आहे. तुम्ही चादरी-टॉवेलच्या गाठी भरून सोलापूर-मुंबई करायचात तेव्हा इंजिन रात्रभर लोडवर असायचं. ही पिकअप बहुतेक वेळ रिकामी पळते. पूर्ण ताकद लागते ती ओव्हरटेक करताना, पाच-दहा सेकंद. तेवढ्यात काही तापत नाही. मागं ट्रेलर जोडला की मात्र ती मालट्रक होते आणि तिला मालट्रकसारखंच चालवावं लागतं. ट्यूनरचा सगळा हिशोब इथूनच सुरू होतो.

ट्यूनर म्हणजे डॅशबोर्डच्या खालच्या सॉकेटमध्ये जोडायची हातात मावेल एवढी पेटी. ती इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगते की डिझेल किती सोडायचं, किती लवकर सोडायचं आणि किती दाबानं सोडायचं. पूर्वी तुमच्याकडचे मिस्त्री पंपाचं डिझेल वाढवून द्यायचे, त्याचाच हा पुढचा अवतार. पेटीत पायऱ्या असतात: सगळ्यात खाली कंपनीची मूळ सेटिंग, मग टोइंगची, म्हणजे ट्रेलर ओढायची, मग रोजच्या वापराची, आणि वरती शर्यतीची. आकडे पेटीगणिक बदलतात, पण टोइंगला साधारण ४०-६० घोडे वाढतात आणि शर्यतीच्या पायरीला १०० च्या वर. कुठल्या पायरीवर ठेवायचं हे मालकानं माझ्यावर सोपवलंय, कारण ट्रेलर मीच नेतो. चूक झाली तर इंजिन त्यांचं जाणार, म्हणून मी हे फार मनावर घेतलंय.

पहिल्यांदा मी हिशोब मांडला. गाडी आणि ट्रेलर मिळून आमचं वजन सुमारे ७.३ टन भरतं. कॅलिफोर्नियात ट्रेलर लावलेल्या गाडीला वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. सहा टक्क्यांच्या चढावर या वेगानं एवढं वजन नुसतं वर उचलायला १४० घोडे लागतात. वारा कापायला आणि टायर फिरवायला आणखी साठेक. गिअरबॉक्स आणि ॲक्सलमध्ये जातं ते धरलं तर इंजिनाकडून २५० च्या आसपास पाहिजेत. गाडीत मुळातच ३२५ आहेत! कायद्यानं जेवढं पळता येतं तेवढं पळायला शर्यतीची पायरी लागतच नाही. इथली पोरं ट्रेलर लावूनही वरची पायरी ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही.

आता मुख्य गोष्ट, उष्णता. या गाडीत टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर जिथं एकत्र येतो त्या नळीत, तापमानाची सुई बसवलीय आणि आकडा पेटीच्या पडद्यावर दिसतो. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी चालते तेव्हा तो बराच खाली असतो. चढावर मी १२५० फॅरनहाइटची रेघ पाळतो, म्हणजे आपले ६७५ सेल्सिअस. क्षणभर त्याच्या वर गेला तर चालतं, पण मिनिटामागून मिनिटं तिथं राहता कामा नये. पिस्टन ॲल्युमिनियमचे आहेत आणि ॲल्युमिनियम ६६० सेल्सिअसला वितळतं. खालून ऑइलची धार मारली जाते म्हणून पिस्टन स्वतः पुष्कळ थंड राहतो, पण आगीत जास्त वेळ राहिला की ती धार पुरत नाही. टर्बोचं पातंही त्याच आगीत फिरतं. काहीजण ही सुई टर्बोच्या नंतर बसवतात. तिथं लोडवर २००-३०० फॅरनहाइट कमी दिसतं, आणि चालवणारा उगीच निर्धास्त राहतो.

आग कशानं वाढते ते तुम्ही धुरावरून ओळखायचात. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त झालं की काळा धूर येतो, आणि उशिरा जळणारं डिझेल सरळ एक्झॉस्टमध्ये आग ओततं. शर्यतीची पायरी हेच करते, नोझल जास्त वेळ उघडं ठेवते. टोइंगची चांगली सेटिंग डिझेल थोडंच वाढवते आणि ते जरा आधी सोडते. आधी सोडलं की जळणं सिलिंडरच्या आतच उरकतं, एक्झॉस्ट गार राहतो. पण तेही अति झालं तर सिलिंडरमधला दाब चढतो आणि हेड पॅकिंग उडतं. म्हणून "तापमान कमी दाखवते ती सेटिंग चांगली" असंही डोळे झाकून म्हणता येत नाही. सेटिंग कुणी केलीय आणि कशासाठी केलीय हे विचारावंच लागतं.

आमचा कस लागतो तो ग्रेपवाइनच्या चढाला. फ्रेस्नोहून ९९ नंबरच्या रस्त्यानं दक्षिणेला गेलं की सपाट खोरं एकदम संपतं आणि समोर डोंगर उभा राहतो. वर तेहोन खिंड, ४,१४४ फूट. व्हेंचुराकडच्या लिंबाच्या बागेत छोटा लोडर न्यायचा असतो तेव्हा हाच रस्ता. उन्हाळ्यात इथला पारा आपल्या सोलापूरच्या मे महिन्यासारखाच चाळिशीच्या वर जातो, आणि तापलेली हवा विरळ असल्यानं टर्बोला तेवढीच कमी मिळते. चढ लागायच्या आधी मी टो-हॉलचं, म्हणजे लोड ओढताना गिअर सांभाळायचं, बटण दाबतो. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरला, ५५ ला इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर असतं. तसंच दामटलं तर आकडा बघता बघता चढतो: १०५०, ११५०, १२००. आवाजही जड होतो, तुम्ही ज्याला "गाडी कण्हायला लागली" म्हणायचात तसा. तिसऱ्या गिअरला घेतलं की फेरे २,२०० वर जातात, टर्बो जोरात हवा ओढतो आणि पाय तेवढाच दाबलेला असूनही आकडा खाली यायला लागतो. तरी नाही उतरला तर पाय उचलून ताशी ४५ वर येतो आणि उजव्या लेनमध्ये मालट्रकांच्या मागं लागतो. बोरघाटात तुम्ही गिअर आधी टाकायचात, इंजिन दमायची वाट बघायचा नाहीत. नेमकं तेच इथं करतो, फक्त कानाच्या जोडीला आकडा आहे.

या सगळ्यावरून मी ठरवलंय ते असं. ट्रेलर रिकामा किंवा हलका असेल आणि सकाळचा गारवा असेल तर टोइंगची पायरी. तिचा फायदा मला वेगात कमी आणि गाडी उठवताना जास्त जाणवतो. कमी फेऱ्यांवर जोर येतो, सिग्नलवरून लोड सुटताना गाडी ओढाताण करत नाही. पूर्ण लोड, भर दुपार आणि ग्रेपवाइन असं तिन्ही एकत्र आलं तर कंपनीची मूळ सेटिंग, पेटी फक्त आकडे बघायला. रोजच्या वापराची पायरी ट्रेलर असताना कधीच नाही, ती रिकाम्या गाडीसाठी आहे. उत्तरेला डोनर खिंडीकडं जावं लागलं तर तिथंही मूळ सेटिंगच, कारण तिथं सात हजार फुटांवर हवा साधारण पाचव्या हिश्श्यानं विरळ असते.

गिअरबॉक्सचं एक सांगायचं राहिलं. ही गाडी ऑटोमॅटिक आहे, चार गिअरची, आणि या इंजिनापुढं तोच कच्चा दुवा मानतात. त्याच्या ऑइलचं तापमान मी २०० फॅरनहाइटच्या आसपास ठेवतो. २२० च्या वर जायला लागलं की थांबतो. इंजिन जोर वाढवतं, पण गिअरबॉक्सचा क्लच तोच राहतो. शर्यतीच्या पायरीवर लोड ओढणाऱ्यांचं पहिलं बिल बहुधा गिअरबॉक्सचंच येतं.

उतारावर ट्यूनरचा काडीचा उपयोग नाही. तिथं एक्झॉस्ट ब्रेक, खालचा गिअर आणि ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक, एवढंच. मालकाच्या पुतण्याला मी हे पुन्हा पुन्हा सांगतो: पेटी लावली म्हणून गाडी जास्त वजनाला पास झाली असं होत नाही. फ्रेम, ॲक्सल, टायर, ब्रेक, हूक सगळं जुनंच आहे. ट्रेलरच्या दांड्यावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पाहिजे, त्याहून कमी झाला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आमचा भरलेला ट्रेलर ९,००० पौंडांचा आहे. १०,००० च्या वरच्या ट्रेलरला इथं वेगळं लायसन लागतं, ते मी अजून काढलेलं नाही, म्हणून त्या पुढचं वजन मी नेतच नाही.

कायदाही कडक आहे. कॅलिफोर्नियात पेटीला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो आणि दर दोन वर्षांनी धुराच्या तपासणीत तो बघतात. आमच्या पेटीला आहे. नव्या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवायची जाळी असते, ती काढून टाकणं अख्ख्या अमेरिकेत बेकायदा आहे. मला ते योग्यच वाटतं. या खोऱ्यात हवा कोंडून राहते, शेतावरच्या कितीतरी पोरांना दमा आहे.

आता बंडू, तुझं. तुझ्या पिकअपचं रिमॅप करू नकोस. सांगोल्याची डाळिंबं भरून पुण्याला जाताना गाडी दम टाकते म्हणतोस, तर आधी एअर फिल्टर बघ, डिझेल फिल्टर बघ, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या पाइपवर ऑइलचा ओलसर डाग आहे का बघ. पाइपला बारीक चीर असली तरी हवा तिथूनच निसटते आणि गाडी मेल्यासारखी वाटते. टायरची हवा बघ. आणि क्रेट किती चढवतोस ते खरं सांग. तुझी गाडी बीएस-६ आहे, काजळीची जाळी तिलाही आहे. रिमॅप करून धूर वाढला की ती तुंबणार आणि भुर्दंड तुलाच. वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल ते वेगळंच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणं आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. तरीही जायचंच असेल तर दुकानदाराला एकच विचार: पूर्ण लोडवर दिवे घाटासारख्या चढाला टर्बोच्या आधी तापमान किती जातं? त्याला उत्तर देता आलं नाही तर तिथून उठून ये.

टर्बोच्या पाइपचे फोटो काढून मला पाठव, इंजिन गरम असताना नको, गार झाल्यावर. गाडी किती किलोमीटर चाललीय तेही लिही. आप्पा, तुम्ही स्वतः एकदा तिचा धूर बघा आणि रंग सांगा, त्यावरून मला बरंच कळेल.

आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा ती लावते का? उन्हात सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊ देऊ नका, रिक्षा करा. पैसे पाठवलेत, बँकेत जमा झाले की कळवा. पुढच्या रविवारी तुमच्या संध्याकाळी फोन करतो.

तुमचा,
सुनील